वैनगंगेच्या फुगवट्यावर: बोटीच्या रेडिओतली खरखर शोधताना

बोट काठापासून जेमतेम दीड किलोमीटरवर होती. बोटीवरचा रेडिओ सेट सुरू होता, हिरवा दिवा लागलेला होता, खरखरीचा टिपूसही नव्हता. काठावरची मंडळी काही बोलत नाहीत, म्हणजे सगळं ठीक चाललंय, असं बोटीतल्या दोघांनी धरलं. तिकडे काठावरून वीस मिनिटं हाका चालल्या होत्या. ऑगस्टमधली ती रात्रीची सराव फेरी होती म्हणून निभावलं.

ही बोट ज्या गावाची, ते गोसेखुर्द धरणाच्या फुगवट्याच्या काठी, पवनी तालुक्यात आहे. २०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेला पूर आला तेव्हा धरणाची सगळी ३३ दारं उघडावी लागली होती. भंडाऱ्यापासून खाली ब्रह्मपुरी, गडचिरोलीपर्यंत घरांत पाणी शिरलं. त्यानंतर गावातल्या दोन पोरांनी अभ्यास करून हौशी रेडिओची (हॅम रेडिओ) परीक्षा दिली, परवाने काढले आणि पुराच्या कामासाठीच्या फायबर बोटीवर १४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातला एफएम सेट बसवला. ज्या सेटवर एवढी मेहनत घेतली, त्यालाच ऐकू येत नसेल तर त्या बोटीत माणसं बसवायची कशी? दिवाळी आटोपल्यावर मी आणि माझा एक मित्र, दोघंही परवानाधारक, दोन दिवसांसाठी तिथे गेलो. कोणाला असंच काम निघालं तर उपयोगी पडेल म्हणून हे लिहितोय.

नागपूरहून उमरेड, भिवापूर, पवनी असा रस्ता आहे. आम्हाला दोन-सव्वादोन तास लागले. उमरेड–कऱ्हांडल्याच्या जंगलाकडचा टप्पा उजेडातच पार करा, तिथे जनावरं रस्त्यावर येतात. भिवापूरला मिरची घेतल्याशिवाय मला पुढे जाववत नाही, तेवढा वेळ धरून चाला. वायर, फ्यूज, लग, टेप हे सगळं पवनीला मिळतं. फेराइटचे क्लिप-कोअर (वायरीवर अडकवायचे, खरखर अडवणारे तुकडे), अँटेनाच्या केबलचे पीएल-२५९ कनेक्टर, डमी लोड (अँटेनाच्या जागी जोडायचा नकली भार) या वस्तू मात्र नागपूरहूनच बांधून न्या. फेराइट मिळालं नाही तर भंगारातल्या मॉनिटरच्या केबलवरचा तो जाड गोळा कापून घ्या. आतमध्ये तेच असतं. शिवाय पेन्सिल सेलवर चालणारा साधा मीडियम वेव्हचा ट्रान्झिस्टर जवळ हवा. आमच्या पिशवीतली सगळ्यात कामाची वस्तू तीच ठरली.

घाटावर पोचलो तेव्हा चार वाजले होते. बोटीवर काय काय आहे ते आधी वहीत उतरवलं: मागे २५ हॉर्सपॉवरचं इंजिन, पाटाखाली १२ व्होल्टची बॅटरी, पाइपावर दोन एलईडी फ्लडलाइट, तळातलं पाणी उपसायचा छोटा पंप, मोबाइलचा चार्जर आणि सेट. घाटावर जाळं विणत बसलेले एक काकाजी म्हणाले, ‘‘काहून जी, एवढं काय पाहून राह्यले? इंजिनाचंच काम हाय हे.’’ पोरांचंही तेच मत होतं. खरं सांगतो, माझ्याही मनात तेच होतं. तरी त्या दिवशी इंजिनाला हातच लावायचा नाही असं ठरवलं. इंजिन सुरू झालं की बाकीचे सगळे आवाज त्याखाली झाकले जातात.

आधी सगळं बंद केलं. पंपाचा फ्यूज काढला, चार्जर उपटला, दिव्यांची वायर सोडवली. फक्त सेट चालू ठेवून मोकळ्या फ्रीक्वेन्सीवर स्क्वेल्च, म्हणजे ठरावीक जोराखालचा आवाज अडवणारं बटण, पूर्ण उघडला. सूऽऽ असा एकसारखा आवाज आला. हा सेटचा स्वतःचा आवाज, तो कानात नीट बसवून घ्या. मग स्क्वेल्च हळूहळू फिरवत जिथे आवाज नुकताच बंद होतो तिथे थांबलो. एलईडी दिवे जोडले आणि बटण दाबताक्षणी स्पीकर फुटावा तशी खर्रर्र सुरू झाली.

पोरं एकमेकांकडे पाहू लागली. रात्री दिवे लावले की हा त्रास व्हायचा, म्हणून त्यांनी स्क्वेल्च शेवटपर्यंत घट्ट केला होता. खरखर गेली, पण तिच्याबरोबर काठावरचा आवाजही गेला. सराव फेरीत हेच झालं होतं. म्हणून सांगतो, खरखर झाली की स्क्वेल्च आवळून मोकळे होऊ नका. सेट गप्प बसतो आणि तो बहिरा झालाय हे कळायला मार्गच उरत नाही.

एलईडीचा हा दोष आपल्याकडचाच नाही. अमेरिकेच्या तटरक्षक दलाने २०१८ मध्ये याबद्दल जहाजवाल्यांना सावधगिरीची सूचना काढली होती आणि तपासायची रीत जवळपास हीच सांगितली होती. दिव्याच्या आत व्होल्टेज बदलणारं छोटं सर्किट असतं. ते सेकंदाला हजारो-लाखो वेळा चालू-बंद होतं, आणि स्वस्त दिव्यात त्यातून निघणारी रेडिओ लहरींची घाण आतच अडवणारे भाग गाळलेले असतात. वरच्या चाचणीत आवाज आला नाही तरी दिवा निर्दोष ठरत नाही. खरखर न होताही लांबचा सिग्नल दबू शकतो. त्यामुळे दूर उभ्या माणसाला हँडसेटवर बोलायला लावून दिवा चालू-बंद करून पाहावंच लागतं.

खरखर आहे हे कळलं, आता ती शिरते कुठून ते पाहायचं होतं. सेटमध्ये येण्याचे तिचे दोन रस्ते: पॉवरची वायर, नाहीतर अँटेना. एका घरून फवारणी पंप आणला. पाठीवरच्या या पंपात १२ व्होल्टची बॅटरी असते. ती काढून सेट फक्त तिच्यावर चालवला. ऐकण्यापुरती ती भरपूर पुरते. दिवे बोटीच्या बॅटरीवर, सेट पंपाच्या बॅटरीवर, दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. खरखर तशीच राहिली. मग अँटेनाची केबल काढून जागी डमी लोड लावला. खरखर गेली. म्हणजे अँटेनाच्या बाजूनेच येत होती. बॅटरी बदलल्यावर खरखर गेली असती तर सगळी मेहनत पॉवरच्या वायरवर करावी लागली असती. या दोन चाचण्यांना दहा मिनिटं लागतात आणि दिवसभराची उस्तवार वाचते.

अँटेनाकडे पाहिलं तर कारण समोरच होतं. गाडीच्या टपावर लावतात ती पाव तरंगलांबीची, म्हणजे साधारण ४९ सेंटिमीटरची काडी फायबरच्या बोटीवर लावलेली होती. तिला खाली धातूचा पत्रा लागतो, अँटेनाचा अर्धा भाग तोच असतो. फायबरवर पत्रा नाही, म्हणून केबलची वरची जाळीच अँटेनाचं काम करू लागते. ती केबल पोरांनी दिव्यांच्या वायरीसोबत टायने आवळून तीन मीटर नेली होती. दिसायला अगदी नीटनेटकं, पण दिव्यांची सगळी घाण त्या जाळीतून थेट सेटमध्ये.

रात्री एका घरच्या पडवीत बसून आम्ही जुन्या टीव्हीच्या चपट्या फीडर वायरची जे-पोल अँटेना बनवली. तिला पत्रा लागत नाही. ती पीव्हीसी पाइपात घालून वरून टोपण लावलं. केबल पाइपातून बाहेर येते तिथेच फेराइटचे चार क्लिप-कोअर एकापाठोपाठ बसवले. केबल आता बोटीच्या डाव्या काठाने जाते आणि दिव्यांच्या वायरी उजव्या काठाने. त्यांची प्लस-मायनस जोडी पिळून घेतली आणि दिव्याला लागूनच दोन-दोन फेराइट. सेटला बॅटरीपासून स्वतंत्र जाड वायर ओढली, बॅटरीजवळ दोन्ही तारांत फ्यूज. पातळ वायरवर पाठवायचं बटण दाबलं की व्होल्टेज पडतं आणि समोरच्याला आपला आवाज तुटक जातो. हा दोषही लोक खरखरीच्याच खात्यात टाकतात.

चार्जरची गोष्ट दोन ओळींची. ट्रान्झिस्टर त्याच्याजवळ नेला तर आकाशवाणी पार बुडून गेली. फेराइट लावायच्या भानगडीत आम्ही पडलोच नाही, चार्जर काढूनच टाकला. मोबाइल घरून भरून आणा, सोबत पॉवर बँक ठेवा. पंपाची घरघर ब्रशवाल्या मोटरची होती. मोटरच्या दोन टोकांवर ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर डाग देऊन (सोल्डर करून) बसवला आणि ती बरीच खाली आली.

रविवारी पहाटे साडेपाचला बोटीवर गेलो. धुकं होतं, धानाच्या बांध्यांवरून ओला वास येत होता. सगळं बंद करून स्क्वेल्च उघडला तर त्या सूऽऽ मध्ये हळूच टक… टक… टक. घड्याळाबरोबर मोजलं तर सेकंदाला जवळपास एक. बोटीवर काहीच चालू नव्हतं. शनिवारी संध्याकाळी हा आवाज नव्हता. ट्रान्झिस्टर लावला, त्यावर तर टकटक ठणठणीत ऐकू आली.

काकाजी तोवर जाळी घेऊन आले होते. त्यांनी दोन मिनिटं कान दिला आणि म्हणाले, ‘‘हे त झटका मशीन हाय जी. डुकरासाठी लावून राह्यते ना.’’ त्यांचं अगदी बरोबर होतं. धान कापणीला आलं की रानडुकरांसाठी शेताभोवती सोलरची झटका तार लावतात आणि तिचा झटका साधारण सेकंदाला एक असतो. तार नीट असेल तर रेडिओला सहसा त्रास होत नाही. तार कुठे सैल झाली किंवा ओल्या गवताला लागली की तिथे ठिणगी उडते, आणि ठिणगी म्हणजे छोटा ट्रान्समीटरच. दव पडलं की उडते, उन्हाने गवत सुकलं की थांबते.

तारेतली नेमकी जागा शोधायची तर ट्रान्झिस्टर आडवा धरून हळूहळू फिरवा. त्याच्या आत फेराइटची दांडी असते. दांडीचं टोक आवाजाच्या उगमाकडे वळलं की आवाज सगळ्यात कमी होतो. एका जागेवरून दिशा मिळते, पण ती पुढची की मागची ते कळत नाही, म्हणून शंभर पावलं बाजूला जाऊन पुन्हा पाहायचं. दोन्ही रेघा एका बांधावरच्या पळसाजवळ मिळाल्या.

उजाडायच्या आत तिथे पोचलो म्हणून दिसलं. दोन तारा नुसत्या पिळून जोडल्या होत्या, गाठीवर गंज चढला होता, खालून दवाने भिजलेलं गवत टेकलेलं. दर सेकंदाला गाठीत तांदळाच्या दाण्याएवढी निळी ठिणगी, आणि सोबत बारीक ‘चट’. हातातल्या ट्रान्झिस्टरमध्ये त्याच क्षणी टक. आम्ही पाच-सहा जण ते पाहत नुसते उभे राहिलो.

शेत ज्यांचं, त्या दादांना बोलावलं. परक्याच्या तारेला आपण हात लावायचा नाही, हे कटाक्षाने पाळा. त्यांनी मशीन बंद केलं, गाठ कापून तार घासली, क्लॅम्पने जोडली आणि खालचं गवत विळ्याने काढलं. झटका गळत होता म्हणजे पुढच्या तारेत जोर कमी पडत होता, त्यामुळे त्यांचाही फायदाच झाला. तार पाहायला जाताना आधी ती मशीनवरच आहे याची खात्री करून घ्या. काही ठिकाणी लोक थेट विजेच्या लाइनवरून करंट सोडतात. तो गुन्हा आहे, आणि त्यात माणसं मेली आहेत. शंका आली तर तारेजवळ जाऊच नका, गावात विचारा.

नऊ वाजता शेवटी इंजिन सुरू केलं. कडकड होती, रेस वाढवली की वाढत होती. हा स्पार्क प्लगचा आवाज. चार्जिंगचा दोष असता तर शीळ ऐकू आली असती आणि ती आपल्या बोलण्यासोबत समोरच्यालाही गेली असती. प्लग काढून नंबर पाहिला, त्यात ‘आर’ नव्हता. बऱ्याच कंपन्यांच्या नंबरात ‘आर’ असला की आत रेझिस्टर असतो, आणि तो ही कडकड दाबतो. इंजिनाच्या पुस्तिकेत चालतो असं लिहिलेला ‘आर’चाच प्लग घ्या, अंदाजाने नको. पवनीला तो मिळाला नाही, त्यामुळे हे काम राहिलं.

मग दिवे लावूनच लांबवर गेलो. काठावर मित्र पाच वॅटचा हँडसेट घेऊन उभा होता. आधी एक-दीड किलोमीटरवर काठावरचा आवाज ऐकू येईनासा व्हायचा. आता इंजिन बंद ठेवून सहा किलोमीटरवरही शब्द न् शब्द कळत होता, आणि इंजिन चालू असताना साडेतीन किलोमीटरपर्यंत. परत आल्यावर स्क्वेल्चची बरोबर जागा सेटवर नेलपॉलिशच्या ठिपक्याने खूण करून ठेवली, म्हणजे अंधारात टॉर्च मारून कोणालाही तपासता येईल.

ज्यांच्याकडे हौशी परवाना नाही त्यांनी १४४ ते १४६ मेगाहर्ट्झचा हा पट्टा वापरू नये. आपल्याकडे ४४६ मेगाहर्ट्झचे कमी ताकदीचे वॉकीटॉकी विनापरवाना चालतात. पल्ला कमी, पण वर सांगितलेल्या तपासण्या त्यांनाही तशाच लागू पडतात. पाण्यावर जाताना लाइफ जॅकेट घालाच, काम दहा मिनिटांचं असलं तरी. आणि पेट्रोलची टाकी उघडी असताना बॅटरीची वायर काढू-लावू नका.

प्लग मागवले आहेत. ते आले की फेब्रुवारीत पुन्हा जाणार आहोत, कारण उन्हाळ्यात पाणी उतरलं की घाटापासून बोट चिखलातून ओढत न्यावी लागते.