‘प्राइस प्लीज’ असं कुणाला विचारायलाच लागू नये

इन्स्टाग्रामवर साड्यांची, दागिन्यांची, भांड्यांची कुठलीही पोस्ट उघडा. खाली ‘प्राइस प्लीज’ची रांग आणि दुकानदाराचं ठरलेलं उत्तर, ‘डीएम करा’, म्हणजे खासगी मेसेज पाठवा. गिऱ्हाईक म्हणून मी असा डीएम कधीच करत नाही. भाव सांगायला जो लाजतो, त्याच्याशी पुढचा व्यवहार काय करायचा? त्यामुळे आमच्या दुकानाचं खातं माझ्याकडे आलं तेव्हा पहिला नियम हाच केला, की भाव लिहायचा.

आमचं दुकान नाशिकच्या भांडी बाजारात, तांब्या-पितळेचं. सासरे गल्ल्यावर बसतात. सगळी गल्ली त्यांना अण्णा म्हणते, मीही. त्यांनी लगेच मोडता घातला.

“भाव असा चव्हाट्यावर मांडलास तर शेजारचा किलोमागे दहा रुपये उतरवून बसेल.”

“बसू दे ना अण्णा. चौकशीला माणूस आधी आपल्याकडे तर येईल.”

“आणि उद्या तांबं वाढलं म्हणजे?”

हा प्रश्न मात्र बिनतोड होता. आमचा माल नगावर नाही, वजनावर जातो. धातूचा भाव सारखा वरखाली, त्यावर मजुरी, मठारकाम म्हणजे हातोडीने ठोके देऊन केलेलं काम असेल तर मजुरी आणखी वेगळी. आज लिहिलेली किंमत महिन्याभराने आमच्याच अंगलट यायची.

मग काटाच कॅमेऱ्यासमोर आणला. तांब्याची कळशी काट्यावर ठेवायची. आकडे जरा इकडेतिकडे होतात, मग स्थिरावतात, 1 किलो 840 ग्रॅम. लगेच कॅमेरा भिंतीवरच्या पाटीकडे. तिथे त्या दिवसाचा किलोचा भाव आणि मजुरी, खडूने, तारखेसकट. गुणाकार गिऱ्हाईक घरी बसून करतं. जुनी रील कुणी चार महिन्यांनी उकरून काढली तरी तारीख समोर असते, वाद उरत नाही. शिवाय ‘दुसरीकडे हीच कळशी स्वस्त मिळते’ म्हणणाऱ्यांना उत्तर आपोआप मिळतं. दिसायला दोन्ही सारख्याच, पण पातळ पत्र्याची वजनाला कमी भरते. हे काउंटरवर कितीही घसा फोडून सांगा, पटत नाही. काट्यावर दिसलं की पटतं.

गाण्याचं म्हणाल, तर व्यावसायिक खात्याला इन्स्टाग्राम गाजलेली चित्रपटगीतं वापरू देत नाही, हक्कमुक्त संगीतावर भागवावं लागतं. ते सगळं लिफ्टमध्ये वाजतं तसलं. मी मठारणीचे ठोकेच ठेवते. लोकांना आवडतात, आणि ते दुसऱ्या कुणाच्या रीलवर नसतात.

पण खरी विक्री रीलवर होते हा भ्रम कुणी बाळगू नये. भारतात टिकटॉक बंद झालं जून 2020 मध्ये, जुलैत रील आल्या, आणि तेव्हापासून जो तो व्ह्यूज मोजतोय. आमच्या कल्हईच्या रीलला व्ह्यूज धो धो येतात. का येणार नाहीत? पातेलं तापतं, नवसागराची चिमूट पडते, पांढरा धूर उठतो, आणि कथील लावून कापसाचा बोळा फिरला की काळवंडलेलं पितळ चांदीसारखं उजळतं. बघत राहावंसं वाटतं. पण बघणारा कुठल्या कुठे बसलेला असतो, त्याच्या घरी पितळेचं पातेलंच नसतं.

त्याउलट मंगळवारी संध्याकाळी व्हॉट्सॲपवर जाणारा माझा दोन ओळींचा मेसेज: ‘उद्या कल्हईवाले दुकानात आहेत. भांडी दुपारपर्यंत आणा.’ ना फोटो, ना इमोजी. बुधवारी गंगेवर, म्हणजे गोदाकाठी, बाजार असतो, निम्मं नाशिक भाजीला तसंही खाली उतरतं. पिशवीत एक पातेलं टाकून यायला कुणाला जड जात नाही. कल्हई होईपर्यंत माणूस दुकानात बसतं, चहा घेतं, आणि जाताना समई नाहीतर पळी घेऊन जातं. एका लग्नाच्या रुखवताची अख्खी ऑर्डर अशी एका पातेल्याच्या कल्हईतून आली.

यात एक मेख आहे. व्हॉट्सॲपवर एकच मेसेज एकदम अनेकांना पाठवायच्या ब्रॉडकास्ट यादीत 256 नंबर बसतात, पण मेसेज पोचतो फक्त तुमचा नंबर ज्यांनी सेव्ह केलाय त्यांनाच. लोक नंबर सेव्ह का करतील? ‘ऑफर्ससाठी’ म्हणाल तर मुळीच नाही. मी बिल देताना सांगते, “ताई, नंबर सेव्ह करून ठेवा, कल्हईचा दिवस कळवत जाईन.” बाई तिथेच उभ्या उभ्या ‘भांडीवाले’ म्हणून सेव्ह करतात. आमच्या नावाने नाही, पण चालतं.

स्टेटसचंही तसंच. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की सगळ्या नाशिकला एकच पंचाईत, गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर आलं? आम्हाला तर ते बघावंच लागतं, पुराचं पाणी आमच्या बाजारात शिरतं. मी जाऊन फोटो काढते, स्टेटसला लावते, खाली ‘खालचा माल माळ्यावर हलवलाय, दुकान बंद’. त्या दिवशी जेवढे लोक स्टेटस बघतात तेवढे धनत्रयोदशीला बघत नाहीत. नंतर समयांचे फोटो लावले तरी बघायची सवय राहिलेली असते.

मध्यंतरी एका ‘फूड इन्फ्लुएन्सर’ बाईंचा मेसेज आला. रील करते, बदल्यात मठारलेल्या भांड्यांचा सेट द्या. मी म्हटलं, देते, पण रीलवर ‘जाहिरात’ असं स्पष्ट लिहा. फुकट मिळालेल्या वस्तूबद्दलही तसं सांगायला हवं, हे जाहिरात मानक परिषदेच्या 2021 च्या मार्गदर्शक सूचनांत आहे. पुन्हा मेसेज आला नाही. सेट दुकानात आहे, विकायला.

लांबच्या ऑर्डरींचा मोह मी सोडला तो कुरिअरच्या हिशेबामुळे. त्यांचं वजन दोन प्रकारचं, एक काट्यावरचं आणि एक खोक्याच्या आकाराचं. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची, बहुतेक ठिकाणी 5000 ने भागायचं, आणि दोहोंतलं जे जास्त त्याचे पैसे. घंगाळाचं खोकं 45 बाय 45 बाय 25 धरा. घंगाळ तीन किलोचं, पैसे दहा किलोंचे. आत हवाच जास्त. ते भाडं ऐकून बंगळुरूच्या बाई गप्प होतात, आणि त्यांच्या चौकशीत तासभर गेलेला असतो. त्यातून पैसे भरल्याचे खोटे स्क्रीनशॉट पाठवणारेही बाहेरगावचेच भेटलेत. बँकेत जमा दिसल्याशिवाय माल हलत नाही, हा अण्णांचा नियम, आणि त्यावर आमचा वाद नाही.

तेव्हा बायोमध्ये आता एवढंच आहे: भांडी बाजार, नाशिक. घरपोच फक्त शहरात. चारचाकी गल्लीत आणू नका, रविवार कारंजापर्यंत रिक्षाने या, पुढे चालत. आजचा भाव स्टेटसला.