मधली पट्टी

रविवार, रात्री ११

पाय सुजलेत. मिठाच्या गरम पाण्यात ते सोडून लिहायला बसलोय.

आज पांढरपाणी ते पावनखिंड एवढाच टप्पा चाललो. जुलैतल्या पन्हाळा-विशाळगड मोहिमेत ही वाट तीनदा तुडवली, पण तेव्हा पुढच्याच्या सॅकपलीकडे काही दिसतच नाही. धुकं, चिखल, जळवा, घोषणा आणि कुणाच्या तरी पाठीवर वाजणारा स्पीकर. (गेल्या वर्षी तो आमच्याच ग्रुपचा होता.) जानेवारीत वाट ओळखूच येईना. कारवीची वाळलेली काटकं, गव्याचं शेण, बाकी सगळं गप्प.

डोक्यात तो वाघ होता. २०२२ मध्ये राधानगरी अभयारण्यात कॅमेऱ्यात सापडलेला नर, डिसेंबर २०२३ मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या कॅमेऱ्यात आला. पट्टे जुळले. शंभरेक किलोमीटर चालून गेला गडी! मधे गगनबावडा, विशाळगडचं रान आणि कोल्हापूर-रत्नागिरी हमरस्ता. तो रस्ता त्याने कधीतरी रात्री ओलांडला असणार, आणि आता त्याच्या रुंदीकरणाचं काम चालू आहे. तिकडे नागपूरजवळ पेंचच्या जंगलात महामार्गच खांबांवर उचललाय, खालून जनावरं जातात. आंबा घाटाच्या माथ्यावर गाडी थांबवून मी उगाचच दोन्हीकडचा उतार बघत राहिलो.

वाटेत धनगरवाड्यावर पाणी मागितलं. मामांनी ताकच दिलं. वाघाचं विचारलं तर हसले. "वाघ कुणाला दिसतुया? गवा मातुर रोज येतुया. नाचणी ठेवत न्हाई." मग समोरच्या उताराकडे हात केला. "ते रान मालकीचं हाय. इकलं म्हणं पुण्याकडच्याला."

तिथे नवं तारेचं कुंपण होतं. आत जांभळी, हिरडे, एक मोठी अंजनी, आणि बाजूला जेसीबीने ओढलेली लाल मातीची रेघ.

२०२०-२१ मध्ये सरकारने विशाळगड, पन्हाळा, गगनबावडा ही संवर्धन राखीव क्षेत्रं केली, तेव्हा मी स्टेटस ठेवला होता: सह्याद्री जोडला गेला! घरी येऊन कायदा वाचला. अशी राखीव क्षेत्रं वन्यजीव कायद्याच्या ३६ अ कलमाखाली होतात. त्यात दोन संरक्षित क्षेत्रं जोडणाऱ्या भूभागाचा उल्लेख आहे खरा, पण जमीन सरकारी लागते. मालकीच्या रानाला वेगळं कलम, ३६ क, तेही मालक स्वतःहून पुढे आला तर. म्हणजे नकाशावरच्या हिरव्या तुकड्यांमधली पांढरी जागा म्हणजे मामांसमोरचा तो उतार. तिथे ना धबधबा, ना गड, ना फोटो काढण्यासारखं काही. आम्ही तिथे कधी थांबलोच नाही.

मामांना तरी काय सांगणार? नाचणी गव्याने खायची आणि रान त्यांनी राखायचं? ताकाचे पैसेही घेतले नाहीत त्यांनी.

ग्रुपवर आत्ताच मेसेज आलाय, यंदा किती जण, स्पीकर कोण आणणार. अजून उत्तर दिलेलं नाही.