म्हणे

मंगळवार, रात्री पावणेबारा

काल रेकॉर्डिंग झालं तेव्हापासून घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटतंय. घसा ठणठणीत आहे, गुळण्याही करून झाल्या.

वाक्य एवढंच होतं: 'आनंदीबाईंनी त्या पत्रात ध चा मा केला.' शनिवारवाडा बघायला येणाऱ्यांच्या कानात वाजणाऱ्या ऑडिओसाठी. पहिला टेक कोरडा गेला. क्लायंट म्हणाला, मॅडम, 'मा'च्या आधी जरा थांबा ना. थांबले. आवाज खाली नेला आणि 'मा' असा काही टाकला, की काचेपलीकडे रेकॉर्डिस्टने मान डोलावली. "कन्व्हिक्शन पाहिजे ते असं!" मग 'काका, मला वाचवा', एकोसकट. अठरा वर्षांच्या नारायणरावाचा टाहो, पंचेचाळिशीच्या बाईच्या गळ्यातून. तोही फोडला.

आणि पेशवे दफ्तरात नऊ वर्षं जुन्या कागदपत्रांचे रुमाल सोडत बसलेली बाईही मीच. ३० ऑगस्ट १७७३ ला वाड्यात गारद्यांनी नारायणरावाला मारलं, खरं. रामशास्त्र्यांनी राघोबादादाला दोषी धरलं, तेही खरं. पण खाडाखोड केलेलं ते पत्र? आहे कुठल्या रुमालात? गेल्याच महिन्यात ह्याच गोष्टीवरून एका एम.ए.च्या पोराला मी सगळ्यांदेखत झापलं होतं. बिचारा वहीत मान घालून बसला.

गप्प का बसले? मागचं बिल अडकलंय म्हणून, हे एक. पण ते तेवढंच नाही. तो टेक चांगला झाला होता. ह्या वर्षातला माझा सगळ्यात चांगला टेक, आणि तो नेमका ह्या वाक्याचा. पेशव्यांच्या सरदार नारो शंकरावर अर्धा तास बोलले रेडिओवर, एकेक तारीख तपासून, तेव्हा आवाज कसा सपाट लागला होता. खात्री होती तिथे खात्री वाटली नाही, आणि इथे...

जाऊ दे. रेडिओवर मी 'त्या इतिहासवाल्या', दफ्तरात 'रेडिओवाल्या बाई', आणि एजन्सीच्या यादीत 'फीमेल, मॅच्युअर, वॉर्म'. बाबा विचारायचे, नक्की करतेस काय तू? महिन्याच्या सहा ड्युट्या सांगून झाल्या की मला पुढचं सांगता यायचं नाही.

जेवणं झाल्यावर स्क्रिप्टच्या पाठकोऱ्या बाजूला आडवी रेघ मारली आणि मोडीत 'धरावे' लिहिलं. मग त्याचं 'मारावे' करायला बसले. हात न उचलता लिहिलेली ओळ, अक्षराला अक्षर चिकटलेलं. नवा काना घुसवायचा कुठे? सात-आठदा केलं. दर वेळी गिचमिड, लहान पोरालाही कळेल अशी. आनंदीबाईंना माझ्यापेक्षा चांगलं जमत असेल तर कोण जाणे.

मग सुचलं, वाक्यात एक 'म्हणे' टाकला तर? 'आनंदीबाईंनी म्हणे त्या पत्रात...' दोनच अक्षरं, पाव सेकंद. क्लायंटला फोन केला. तो म्हणाला, मॅडम, ड्युरेशन लॉक झालंय, पण पाठवून ठेवा, बघतो.

फोन ठेवला आणि हसूच आलं. दुसऱ्याने लिहिलेल्या ओळीत गुपचूप दोन अक्षरं घुसवून अर्थ फिरवायला निघालेली बाई पुण्यात अखेर सापडली, अडीचशे वर्षांनी. पुराव्यासकट.

पंखा बंद केला, डोक्यावरून गोधडी घेतली आणि मोबाइलवर 'म्हणे' रेकॉर्ड केलं. सहा वेळा. पहिल्यात टोमणा आला, दुसऱ्यात आमची माई बोलली, चौथ्यात खाली कुत्रं भुंकलं. सहावं पाठवलं. निळ्या खुणा आल्यात, उत्तर नाही.

सकाळी सहाची ड्युटी आहे. गजर साडेचारचा लावलाय.