पाट कुणी बघितलाच नाही

झोप येत नाहीये म्हणून लिहितेय. कारण सांगितलं तर हसाल. मागच्या परसात मी पाट केलाय, मोरीपासून अळवापर्यंत, आणि तो कुणी बघितला नाही. एवढंच.

ताई आज दुपारच्या गाडीने डोंबिवलीला परत गेल्या. आल्या तेव्हा हातपाय धुवून तडक मागच्या खोलीत गेल्या, मला वाटलं आता तिथनं परसात जातील, म्हणून मी मुद्दाम मागे मागे गेले, म्हणजे दार आता कसं एका बोटाने उघडतं तेही दाखवता येईल आणि दार उघडलं की समोर पाटच. तर ताई दारापर्यंत गेल्याच नाहीत. भिंतीसमोर उभ्या. म्हणाल्या, “वहिनी, ती रेघ कुठे गेली?”

म्हटलं, चुना मारला ना.

“हो का,” म्हणाल्या. आणि मग चहा.

त्या “हो का”चं मी काय करू? चांगलं झालं असं पण नाही, का मारलास असं पण नाही. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं, उत्तर तयार होतं माझं. सगळ्या चिपळुणात सरकारच्या पूररेषांवरून, निळी रेषा लाल रेषा, एवढं रामायण झालं, लोकांची बांधकामं अडली, आणि आमच्याकडची ही पुराच्या पाण्याची एक पिवळट रेघ, स्विचबोर्डाच्या वर वीतभर, ती पुसली तर घरात सुतक पडल्यासारखं. बरं, पुसली म्हणजे काय सहज पुसली? पुराच्या वर्षी, २०२१ ला, दिवाळीआधी सगळ्यांनी घाईघाईत पुट्टी लावून घेतली तशी आम्हीपण घेतली. ज्याने लावली तो म्हणाला भिंत वाळलीय. चिऱ्याची भिंत ती, वरून हात लावला तर कोरडी लागते, आत महिनोन्‌महिने पाणी धरून बसते. शिमग्यापर्यंत पोपडे सुटले, लोणा फुलला पांढरा पांढरा, आणि त्यातून रेघ परत वर आली, आधीपेक्षा ठसठशीत. मग सगळे म्हणाले राहू दे, आणि ते काम लिस्टमध्ये गेलं.

लिस्ट म्हणजे कालनिर्णयच्या मागच्या पानावर मी लिहिते ती. दरवर्षी जानेवारीत जुन्या कॅलेंडरवरची नव्यावर उतरवून काढायची. मागचं दार, पाट, माळा, भिंत, टाकीचा बॉलकॉक. अक्षर तेवढं बदलायचं, कधी निळं पेन कधी काळं. २०२२ ची आणि २०२५ ची लिस्ट शेजारी ठेवली तर कॉपी केली म्हणून मार्क कापतील. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये जरा जोर आला होता मला, सुताराशी बोलणं पण झालं होतं, तर पाऊस मे महिन्यातच कोसळला. २६ मेला तर मुंबईत मान्सून पोचलासुद्धा. आमची आगोटीची लाकडं अर्धी बाहेर, कोकमं वाळत घातलेली ती उचलायला धावाधाव, तिथे दार आणि पाट कोण बघतंय.

म्हणून यंदा पौष संपल्या संपल्याच लागले.

दार आधी. फणसाचं दार आहे ते, पुरातून वाचलेलं, प्लायवूडची सगळी फुगून पुस्तकासारखी उलगडली तरी हे तसंच. फक्त बिजागऱ्या गंजलेल्या आणि खालचा काठ कुजलेला, त्यामुळे फरशीला घासायचं आणि पावसाळ्यात फुगलं की खांदा मारल्याशिवाय उघडायचं नाही. सुताराने खालची पट्टी बदलली, रंधा मारला, बिजागऱ्या नवीन. एका सकाळचं काम. ह्यांना सांगितलं होतं दार झालंय म्हणून, तरी सवयीने खांदा मारला आणि सरळ परसात, कपडे वाळत घातलेल्या दोरीत अडकले म्हणून वाचले. त्यावर माणसाने काय म्हणावं? “अगं, हे दार सैल झालंय.” सैल!

भिंतीचं सगळं खरवडून काढलं, तारेच्या ब्रशने लोणा झाडला आणि नुसती तशीच सोडून दिली, पंखा लावून, एप्रिल उजाडेपर्यंत. पुट्टी नाही, प्लॅस्टिक पेंट नाही. कळीचा चुना आणला, पिंपात विरवला, गाळला, डिंकाचं पाणी घातलं, चिमूटभर नीळ. भिंत आधी पाण्याने भिजवायची आणि मग पातळ पातळ हात मारायचे. पहिला हात मारला तेव्हा काहीच दिसेना, नुसतं दुधाचं पाणी फासल्यासारखं, रेघ आतनं आरामात बघतेय माझ्याकडे. मी म्हटलं गेलं सगळं. पण चुना ओला असताना दिसतच नाही, वाळताना पांढरा होत जातो. संध्याकाळी आले तर अर्धी गेलेली. पुढच्या हाताला अजून. आणि त्याच्या पुढच्या हाताला मी जरा वेळ ब्रश घेऊन नुसतीच उभी राहिले होते, का ते आता इथे नको.

पाट मात्र पूर्ण माझा. त्यात सुतार नाही, गवंडी नाही, हे पण नाहीत. मोरीचं पाणी इतकी वर्षं नुसतं बाहेर पडून डबकं व्हायचं, पुराचा गाळ बसला त्यावर तर जमीन अशी कडक झाली की पाणी मुरेचना. लिंबू त्यातच गेलं. नारळांना काही झालं नाही, केळी बुंध्यातनं परत फुटल्या, पण लिंबाची मुळं कुजली, वरनं महिनाभर हिरवं दिसत होतं बिचारं. तर पाट. नुसता चर खणला की झालं असं नसतं. मीटरला सेंटीमीटरभर तरी उतार पाहिजे, कमी दिला तर पाणी साचतं, आणि उतार डोळ्याने कळत नाही, आमचं परस बघायला सपाट वाटतं पण मधेच चढ आहे. गवंडी वापरतात ती पारदर्शक नळी आणली, दोन टोकांना दोन खुंट्या, नळीतलं पाणी दोन्हीकडे एका पातळीत थांबतं, तिथे खूण, मग दोरी बांधायची आणि दोरीपासून खाली मोजत यायचं. मला हे शाळेत कुणी सांगितलं नाही, कुठे कुठे बघून शिकले. खणलं, ठोकून बसवलं, घरामागे पडलेल्या चिऱ्याच्या चिपा लावल्या, सांध्यात सिमेंट. कडेने कर्दळ लावली, पुढे केळी, शेवटाला अळू.

आणि मग मोरीत बादली ओतली.

पाणी निघालं. जरा थांबलं, कर्दळीपाशी वळलं, आणि कुठेही न तुंबता सरळ अळवात जाऊन शिरलं. मी परत बादली ओतली. मग परत. टाकी अर्धी रिकामी केली असेल मी त्या दिवशी, बॉलकॉक तसाही बिघडलेलाच आहे.

इतका आनंद मला प्रमोशनच्या वेळेस झाला नव्हता, हे लिहिताना बरं वाटत नाही पण खरं आहे. आणि मग कुणालातरी दाखवावंसं वाटणार ना? ह्यांना दाखवलं, तर म्हणाले, “छान,” फोनमध्ये बघत. लेकाला व्हिडिओ कॉल लावला, तो म्हणतो आई कॅमेरा हलवू नकोस, आणि मागे मांजर आहे ते कुणाचं? शेजारच्या काकींनी एकट्याच काय त्या उभं राहून नीट बघितलं, आणि म्हणाल्या डास होतील. काकी, उतार दिलाय, पाणी थांबतच नाही, थांबलं तर डास होतील ना! पण त्यांना डासच हवे होते. म्हणून माझी सगळी भिस्त ताईंवर होती. ताईंना हे परस माहितीये, त्यांचं लहानपण त्यात गेलंय, ते डबकं त्यांनी पण ओलांडलंय. नवीन साडी नेसून हळदीकुंकवाला जावं आणि कुणी साडीबद्दल चकार शब्द काढू नये तसं झालंय माझं. चाळिशी कधीच उलटली आणि मी अजून शाबासकी मागत फिरतेय, तीही मोरीच्या पाण्याची.

कुणी काय म्हणायला हवं होतं मला, हे मगाशी बसून विचार केला. “वा” म्हटलं असतं तर पुरलं असतं? नाही पुरलं असतं. “किती वाजल्यापासून खणलंस” असं विचारलं असतं तर? मग कदाचित. उतार कसा काढलास, हे विचारायला हवं होतं. म्हणजे मला शाबासकी नकोय, मला नळीबद्दल सांगायचंय. आणि नळीबद्दल ऐकून घेणारं माणूस या घरात एकच होतं, ज्याने दोन तास ऐकलं असतं, वर चुका काढल्या असत्या, आणि ज्याची खाट त्या भिंतीला लागून होती. असो.

२००५ च्या पुराची खूण आबांनी चौकटीवर कोयत्याने खाचून ठेवलीये, ती आहे अजून, तिला मी हात लावला नाही. ताईंनी ती विचारलीच नाही. त्यांना ती दुसरीच हवी होती, जी कुणी काढली नव्हती, पाण्यानेच काढली होती. मी त्यांना सांगायला हवं होतं का, की चुन्याखाली आहे ती, कुठे जात नाही, पावसाळ्यात भिंत ओलावली की पुसटशी दिसेलसुद्धा? सांगितलं नाही. मला राग आला होता ना तेव्हा.

आणि गंमत बघा. निघताना ताई म्हणाल्या, वहिनी, अळू काय झालंय यंदा, वडीचं चांगलंय, देठ काळेभोर. म्हटलं न्या. स्वतः गेल्या परसात, एका बोटाने दार उघडून गेल्या, लक्षातही आलं नाही त्यांच्या, पाट ओलांडून पलीकडे गेल्या, साडी वर धरून, खाली न बघता, आणि चांगली मोठाली पानं कापून आल्या. ओल्या फडक्यात गुंडाळून पिशवीत वर ठेवली, चुरगळायला नकोत म्हणून गाडीत मांडीवर घेऊन बसणार होत्या. आत्ता मगाशी मेसेज आला, पोचले, उद्या वड्या करतेय, इतकी मोठी पानं इकडे बाजारात मिळत नाहीत, खत काय घालतेस?

खत!

हसायलाच आलं मला, हे जागे झाले. मी उत्तर लिहायला घेतलं, पाटाचं, उताराचं, नळीचं, चांगलं लांबलचक, फोटो पण जोडला. मग वाटलं, मोरीचं पाणी म्हटलं तर ही बाई वड्या फेकून देईल. पुसलं सगळं. लिहिलं, शेणखत. तेही घातलंय म्हणा थोडं.

लिस्टवर आता माळा आणि बॉलकॉक राहिलेत. माळ्यावर ट्रंका आहेत, त्या ताई दिवाळीत आल्या की दोघींनी मिळून उघडू, एकटीने नाही उघडणार मी. बॉलकॉकसाठी प्लंबरला उद्या फोन करते. तो उद्याच येतो म्हणेल, म्हणजे गणपतीच्या आधी येईल बहुतेक.