तुम्ही कधीच मोठ्यानं हसत का नाही?

शाळेत नवीन कुणी रुजू झालं की महिन्याभरात हा प्रश्न येतोच. स्नेहसंमेलनात सगळा मंडप हसत असतो आणि मी खुर्चीचा दांडा घट्ट धरून जमिनीकडे बघत असते. ‘मॅडमना फार तोरा आहे’ हेही कानावर आलंय. तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच सगळं सांगते.

मी हसले की माझे गुडघे जातात. जबडा सैल पडतो, मान गळते, कधी पूर्ण खाली कोसळते. शुद्ध मात्र जात नाही. सगळं ऐकू येतं, सगळं कळतं.

याला कॅटाप्लेक्सी म्हणतात. मूळ आजार नार्कोलेप्सी. आपण स्वप्न बघतो त्या आरईएम झोपेत मेंदू स्नायूंना सैल सोडतो, म्हणून स्वप्नात पळणारा माणूस अंथरुणातून उठून पळत नाही. त्या वेळी डोळे हलतात, श्वास चालतो, बाकी शरीर पडून असतं. ही झोप साधारणपणे डोळा लागल्यावर तासा-दीड तासानं येते. माझ्यासारख्यांना पंधरा मिनिटांच्या आत. आणि तिचा तो सैलपणा आमच्या जागेपणातही घुसतो, बहुधा हसू आलं की. मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमसमध्ये, जागं ठेवणारं ओरेक्सिन बनवणाऱ्या पेशी असतात. 1998 मध्ये ते रसायन सापडलं आणि 2000 मध्ये कळलं की अशा रुग्णांच्या त्या पेशी जवळजवळ सगळ्या गेलेल्या असतात. यात आळस कुठे आहे, सांगा. वर्गात डुलकी लागली म्हणून मी सगळी शाळा बाकावर उभं राहून काढली.

आता 2003 चा श्रावण. मी सतरा वर्षांची. खानदेशात अमळनेरजवळ आमचं गाव, घरी कानबाई, म्हणजे आमच्याकडची श्रावणातली देवी, बसलेली. रविवारची रात्र गाण्यांत जागून काढली (जागरणानं हा आजार बळावतो, हे तेव्हा कुणाला ठाऊक), सोमवारी सकाळी डफाच्या तालावर देवीच्या विसर्जनाला बोरी नदीकडे निघालो. वाटेत मावशीनं डफवाल्याची अशी नक्कल केली की मला हसू आवरेना. आणि मी रस्त्यातच बसले, मग आडवी झाले.

“आंगमा कानबाई उनी!” अंगात कानबाई आली, असं कुणीतरी ओरडलं. डफ वाढला. कपाळावर मूठभर कुंकू आलं. दोघींनी मला काखेत धरून बसवलं आणि आई समोर पदर पसरून उभी राहिली. त्या आठवड्यात ताईला एक स्थळ आलं होतं, घरात होय-नाही चाललं होतं.

“माय, हाई सोयरीक करूत का?”

मी ऐकलं. ‘आई, मी आहे गं’ असं म्हणायला जीभ उचलेना. माझी मान जेमतेम उभी होती, ती पुढे पडली.

आईनं तो होकार धरला.

दीड-दोन मिनिटांत मी उठले. बायका माझ्या पाया पडत होत्या. माझ्या आत्याही, ज्या मला कुंभकर्णाची बहीण म्हणायच्या. इथे मी गप्प बसले. सतरा वर्षांच्या पोरीला काय कळतं, आजाराचं नावही तिला माहीत नव्हतं, असं मी स्वतःला कितीदा समजावलंय. पण देवी आली नव्हती, एवढं तिला पक्कं माहीत होतं. संध्याकाळी प्रसादाच्या रोटाचा पहिला तुकडा माझ्या हातात दिला गेला आणि तो तिला हवा होता. आयुष्यात पहिल्यांदा तिला कुणी झोपाळू म्हणत नव्हतं.

ताईचं लग्न तिथंच झालं. नवरा प्यायचा, मारायचा. चार वर्षांनी ती लेकीला घेऊन परत आली. मी नसते कोसळले तरी आईनं तेच स्थळ केलं असतं का? असेलही. हा हिशोब मी मांडते आणि अर्ध्यात सोडते.

2014 मध्ये माझी झोपेची तपासणी झाली. दिवसभर दर दोन तासांनी झोपायला सांगतात, किती मिनिटांत झोप लागते आणि स्वप्नाची झोप येते का ते बघतात. कागद हातात पडल्यावर मी ताईला सगळं सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “मग त्या दिवशी घरी आल्यावर तरी सांगायचं होतंस.”

आईला अजून सांगितलेलं नाही. ताईचं विचारलं की ती म्हणते, देवीनंच होकार दिला होता, पुढचं नशीब. ते वाक्य तिच्याकडून काढून घेतलं तर दोष कुणावर येईल, मला माहीत आहे. ताई म्हणते, सांग. दर श्रावणात म्हणते.

औषधानं आता पूर्वीइतकं होत नाही. तरी तुमच्यापैकी कुणी विनोद सुरू केला की माझा हात आधी खुर्चीकडे जातो.