तुम्ही विचारलंत म्हणून: कोवालेव्हवर चिडायचात, मग तो जाताना का हळहळलात?

मंडळाच्या गणपतीत, ऑफिसात, पुण्याहून भावाचा फोन आला की त्यावर, हा प्रश्न मला हमखास येतो. मॉन्ट्रियलमध्ये हॉकी म्हणजे बर्फावरची, हे आता सगळ्यांना ठाऊक झालंय. लोकांना कळत नाही ते पुढचं. आमच्या मॉन्ट्रियल कॅनेडियन्स संघाच्या अलेक्सी कोवालेव्हच्या नावाने तुम्ही लोक एवढी वर्षं बोटं मोडत होतात. मग 2009 च्या उन्हाळ्यात तो संघ सोडणार असं दिसल्यावर त्याला ठेवून घ्या म्हणून चाहते संघाच्या मैदानासमोर, बेल सेंटरसमोर, जमले ते कसे?

उत्तर द्यायचं तर आधी तो खेळायचा कसा ते सांगायला हवं. बर्फावरच्या हॉकीत पुढच्या फळीतला मोठा खेळाडूसुद्धा साठ मिनिटांतली वीसेक मिनिटंच खेळतो, तीही पाऊण-पाऊण मिनिटाच्या पाळ्यांत, म्हणजे शिफ्टमध्ये. धावायचं, धडकायचं, बाकावर येऊन बसायचं. समोर बचावपटूंची भिंत उभी राहिली की बहुतेक जण पक (चेंडूऐवजीची रबरी चकती) पुढे कोपऱ्यात टाकून देतात आणि त्याच्यामागे पळतात. कोवालेव्हला हे जमतच नसे, की त्याला ते करायचंच नसे. तो पक स्वतःकडे ठेवायचा. अंग ताठ, मान वर, पाय न हलवता नुसता घसरत आत यायचा, आणि खाली स्टिकवर मनगटांचं काहीतरी वेगळंच चाललेलं असायचं. बचावपटूने स्टिक पुढे केली की पक तिथून हललेला असायचा, आणि दुसऱ्याच क्षणी मनगटाच्या एका झटक्यात तो गोलकीपरच्या खांद्यावरून जाळ्यात. इथले फ्रेंच पेपरवाले त्याला कलाकार म्हणायचे, ते उगीच नव्हे.

पण हाच माणूस वाईट दिवशी हद्द आखणाऱ्या निळ्या रेषेवर पक गमवायचा, आणि तोही तसाच ताठ मानेने, तसाच घसरत. सगळी चिडचिड इथून सुरू व्हायची. चौथ्या फळीतला एखादा गडी वाईट खेळला तरी कडेच्या कठड्यावर आपटत असतो, घामाने निथळत असतो, म्हणून लोक म्हणतात, बिचारा झटतोय तरी. कोवालेव्हचा वाईट दिवस पाहणाऱ्याला वाटायचं की याला काही पडलेलीच नाही. माझं स्पष्ट मत आहे की त्याच्यावरचा निम्मा राग या दिसण्याचा होता. त्यात तो रशियन. उत्तर अमेरिकेच्या हॉकीत रशियन खेळाडू म्हणजे गूढ, मनात येईल तेव्हा खेळणारा, हा शिक्का आधीच तयार असायचा. कॅनडातल्या खेड्यातून आलेला मुलगा तसाच खेळला असता तर त्याला फॉर्म नाही एवढंच म्हणाले असते.

उरलेला निम्मा राग मात्र खरा होता, आणि तो मी आजही मागे घेणार नाही. 2006-07 च्या हंगामात त्याने 73 सामन्यांत 47 गुण मिळवले (गोल आणि गोलाला दिलेला पास, दोन्हींचा एकेक गुण). पुढच्याच हंगामात तोच माणूस, त्याच शहरात, 82 सामन्यांत 35 गोल आणि 84 गुण! त्या वर्षी आमचा पॉवर प्ले (समोरचा गडी शिक्षेवर बाहेर असतानाचा खेळ) लीगमध्ये पहिला होता आणि संघ गुणतक्त्यात 104 गुणांनी पूर्व विभागात अव्वल आला. डाव्या बाजूला कठड्याजवळ पक घेऊन तो उभा राहिला की समोरचे चारही जण त्याच्याकडे बघत राहायचे आणि पलीकडे आमचा बचावपटू मार्कोव्ह मोकळा सुटायचा. हे येत होतं, तर आदल्या वर्षी कुठे होतं? मॉन्ट्रियलमधल्या प्रत्येक न्हाव्याच्या दुकानात हाच सवाल होता, आणि तो रास्तच होता.

न्यूयॉर्कवाल्यांनी हे आमच्याही आधी भोगलं होतं. 1991 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात त्यात, न्यूयॉर्क रेंजर्सनी त्याला पंधराव्या क्रमांकावर उचललं. पहिल्या फेरीत निवडला गेलेला तो पहिला रशियन. तो शिफ्ट संपली तरी बाकावर यायचा नाही. एकदा वैतागून प्रशिक्षक माइक कीननने शिक्षा म्हणून त्याला बर्फावरून उतरूच दिलं नाही. कोवालेव्हला वाटलं, आपण चांगले खेळतोय म्हणून हे बक्षीस आहे, आणि त्याच लांबलेल्या शिफ्टमध्ये त्याने गोल केला. त्या वसंतात, 1994 मध्ये, रेंजर्सनी 54 वर्षांनी लीगचं विजेतेपद, म्हणजे स्टॅन्ली कप जिंकला आणि कोवालेव्हचे प्लेऑफमध्ये (हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांत) 21 गुण होते. अशा पोराला तू चुकतोयस हे पटवणार कसं?

आमच्याकडे तो 2004 च्या मार्चमध्ये आला, आणि महिना-दीड महिन्यातच सगळं दाखवून मोकळा झाला. प्लेऑफमधल्या, बॉस्टनविरुद्धच्या सात सामन्यांच्या मालिकेतला चौथा सामना, दुसरा ओव्हरटाइम (बरोबरीनंतरचा जादा वेळ). पक त्याच्याकडे होता. बॉस्टनच्या ट्रॅव्हिस ग्रीनची स्टिक त्याच्या हातावर बसली. शिट्टी वाजली नाही. कोवालेव्हने पक सोडला, हात झटकत वळला आणि आपल्याच शेल्डन सुरेवर जाऊन आदळला. मोकळा पक घेऊन बॉस्टनचा ग्लेन मरे एकटा निघाला आणि त्याने सामना संपवला. मालिकेत बॉस्टन 3-1 ने पुढे. त्या रात्री घराघरांत त्याचा उद्धार झाला असेल. पुढचे तिन्ही सामने जिंकून कॅनेडियन्सनी मालिका फिरवली, आणि त्यात सर्वांत धारदार कोण होतं, तर तोच. एका पंधरवड्यात शिव्या आणि ओव्या दोन्ही. पुढची पाच वर्षं याहून वेगळी गेली नाहीत.

आता 2009. क्लबचं शताब्दी वर्ष, आणि लीगमधल्या निवडक खेळाडूंचा ऑल-स्टार सामनाही आमच्याच बेल सेंटरमध्ये. लोकांनी मतं देऊन त्याला संघात पाठवलं, तो कर्णधार झाला, दोन गोल केले, शूटआउटमधला (बरोबरी फोडायला गोलकीपरसमोर एकेकाने मारायच्या फटक्यांतला) निर्णायक फटकाही त्याचाच, आणि सामनावीरही तोच. यानंतर महिनाही झाला नव्हता तर व्यवस्थापक बॉब गेनीने त्याला सांगितलं, वॉशिंग्टन आणि पिट्सबर्गच्या दौऱ्यावर येऊ नकोस, घरी थांब. त्याच्या खेळात दम राहिला नाही असं त्यांचं म्हणणं. तेव्हाही मला हा निर्णय खटकला होता, आजही खटकतो. अख्खा संघ घसरत होता. घरी बसवायला एकच सापडला. परतल्यावर पहिल्याच सामन्यात, ओटावाविरुद्ध, त्याने गोल केला. मार्चमध्ये प्रशिक्षक गी कार्बोनो यांना काढून गेनी स्वतःच बाकामागे उभे राहिले. बॉस्टनने पहिल्याच फेरीत आम्हाला 4-0 धुऊन काढलं. आणि ज्याच्यात दम नव्हता म्हणे, तो 65 गुणांसह संघात पहिला.

म्हणजे लोक बेल सेंटरसमोर जमले ते काही सगळं विसरून नव्हे. 1993 नंतर इथे कप आलेला नाही. ज्या शहराने बेलिव्हो आणि लाफ्लरसारखे जुने दिग्गज पाहिलेत, तिथे त्या वर्षांत खुर्चीच्या कडेवर सरकून बसावं असा खेळाडू एकच होता. बाकीच्यांवर आम्ही चिडत नव्हतो, कारण त्यांच्याकडून काही मागितलंच नव्हतं. मलमपट्टी करून खेळणाऱ्या, इमानदार, मधल्या फळीच्या खेळाडूंबद्दल मला आदर आहे. पण कामावरून थकून येऊन, उणे वीसमध्ये मेट्रो पकडून, महागडं तिकीट काढून मी जायचो तो त्याच्यासाठी.

हेही सांगितलं पाहिजे की गेनींचा हिशेब चुकला नाही. कोवालेव्ह ओटावाला गेला, आणि त्याच्या जागी आलेल्या माइक कॅमलेरीने 2010 च्या प्लेऑफमध्ये 13 गोल मारून संघाला विभागाच्या अंतिम फेरीत नेलं. तिकडे ओटावात कोवालेव्हने जानेवारीत फिलाडेल्फियाविरुद्ध एकाच सामन्यात चार गोल केले, आणि इतर रात्री ओटावाचे चाहते आमच्यासारखेच डोक्याला हात लावून बसले. संघ त्याच्याशिवाय पुढे गेला, हे मला मान्य आहे. तरी मला निवड दिली असती, तर मी त्याला ठेवून घेतलं असतं. आणखी दोन वर्षं चिडायची माझी तयारी होती.

हे पटत नसेल तर 19 फेब्रुवारी 2008 चा रेंजर्सविरुद्धचा सामना शोधून बघा. दुसऱ्या सत्राच्या सुरुवातीलाच आम्ही 0-5 ने मागे होतो. तिथून 5-5 झालं, बरोबरीचा गोल कोवालेव्हचा, आणि आमच्याच साकू कोइवूने शूटआउटमध्ये सामना जिंकून दिला. पण नुसता शेवटचा भाग पाहू नका. पहिल्या सत्रापासून बसा, आणि 27 नंबरवर, म्हणजे कोवालेव्हवर, नजर ठेवा.