मग मूळ चित्र कुठंय?

प्रदर्शनात माझ्या एचिंगपुढे, म्हणजे धातूच्या प्लेटवर ॲसिडने रेघा कोरून कागदावर छापलेल्या चित्रापुढे, उभं राहून लोक हमखास विचारतात, ‘हे प्रिंट आहे म्हणता, मग मूळ चित्र कुठंय?’ परवा तुमच्यापैकी तिघांनी विचारलंत आणि गर्दीत एकालाही धड उत्तर देता आलं नाही. म्हणून लिहायला बसले.

मूळ चित्र वेगळं नसतंच. भिंतीवर दिसतंय तेच मूळ. बारा प्रती काढल्या असतील तर बाराही मूळ. एवढं सांगितलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर शंका उमटते, आणि मग मी जोआन मिरो या चित्रकाराची गोष्ट सांगते.

मिरो बार्सिलोनाचा, जन्म १८९३ चा. वडील घड्याळं दुरुस्त करायचे, सोनारकामही करायचे. पॅरिसला गेल्यावर तो अतिवास्तववादी, म्हणजे स्वप्नांतून विषय घेणाऱ्या, चित्रकारांच्या गोटात वावरला. १९३६ साली स्पेनमध्ये यादवी पेटली आणि त्याला पॅरिसमध्येच राहावं लागलं. दुसऱ्या वर्षी त्याने मूठ उगारलेला एक शेतकरी काढला आणि त्यावर ‘स्पेनला मदत करा’ असं लिहिलं. ते एक फ्रँकचं टपाल तिकीट म्हणून विकायचं, असा बेत होता. तिकीट काही निघालं नाही, पण चित्र स्टेन्सिलने छापून लोकांपर्यंत पोचलं.

आणि १९३८ मध्ये त्याने माझी सगळ्यात लाडकी मालिका केली, ‘काळी आणि लाल’. लुई मार्कूसी नावाच्या चित्रकाराच्या स्टुडिओत तो तेव्हा एचिंग शिकत होता. या मालिकेत चित्रं आठ आहेत आणि प्लेट फक्त दोन. कधी एकच काळ्यात काढलेली, कधी एकीवर दुसरी छापलेली, कधी त्यातली एक उलटी फिरवलेली, एक काळ्या शाईत तर दुसरी लाल. तेच आकार पुन्हा पुन्हा येतात आणि दर वेळी नवी भीती घेऊन येतात. आठही चित्रांच्या प्रत्येकी तीस प्रती निघाल्या. यात ‘मूळ’ कुठलं दाखवणार? कागदावर दोन प्लेटा एकमेकींवर दाबल्या जाईपर्यंत ते चित्र जगात नव्हतंच. मिरोने आधी रंगवलेल्या कशाची ती नक्कल नाही. छापणं हेच तिथे चित्र काढणं होतं.

माझ्याकडे हे कसं होतं ते सांगते, म्हणजे मुद्दा हाताला लागेल. जस्ताच्या प्लेटवर मेणाचा काळपट थर देते, सुईने रेघा ओढते आणि प्लेट ॲसिडमध्ये सोडते. जिथे सुईने मेण निघालंय तिथे बुडबुडे धरतात, ते पिसाने हळूच सरकवत राहायचे. मग मेण पुसून शाई भरायची, जाळीच्या कापडाने पुसायची आणि शेवटचा हात तळव्याने फिरवायचा. हे तळव्याचं पुसणं दर वेळी थोडं वेगळं पडतं. एखाद्या प्रतीत आभाळ जरा धुरकट राहतं. ओला कागद ठेवायचा, वर लोकरीची ब्लँकेटं घालायची आणि प्रेसचं चाक फिरवायचं. कागद कोपऱ्यातून उचलताना शाई सुटल्याचा बारीक चर्र आवाज येतो. आज पंचवीस वर्षं झाली, त्या क्षणी अजूनही माझा श्वास अडकतो. प्लेटच्या कडेचा दाब कागदात उतरलेला असतो, बोटाला लागेल इतका.

आता खालचा आकडा. माझ्या एका चित्राखाली ७/१२ होतं, तर साताऱ्याकडच्या एका काकांनी विचारलं, ‘ताई, हा कसला सातबारा?’ मला तो शब्द फार आवडला, कारण हीसुद्धा नोंदच आहे. एकूण बारा प्रती, त्यातली ही सातवी. पहिला नंबर भारी आणि बारावा हलका, असं नसतं. बऱ्याचदा सगळ्या प्रती वाळल्यावर एकदमच नंबर पडतात. त्याशेजारची पेन्सिलीतली सही म्हणजे चित्रकाराने दिलेला शब्द: ही प्रत मी पाहिली, मला पसंत आहे, आणि इतक्याच काढीन.

म्हणूनच त्या सहीचं पुढे जे झालं त्याने मला आजही वाईट वाटतं.

दोन वर्षांपूर्वी एक निवृत्त गृहस्थ कापडात गुंडाळलेली फ्रेम घेऊन माझ्याकडे आले. मुलीने परदेशातून घेतलेलं, साल्वादोर दाली या स्पॅनिश चित्रकाराचं चित्र. पेन्सिलीत सही, आकडा, मागे प्रमाणपत्र, सगळं होतं. मी फ्रेम उघडली आणि भिंग त्यांच्याच हातात दिलं. रंगात चार रंगांचे बारीक ठिपके दिसत होते, वर्तमानपत्रातल्या फोटोत दिसतात तसे. म्हणजे एखाद्या चित्राचा फोटो काढून ऑफसेटवर, पुस्तकं छापतात त्या यंत्रावर, छापलेला कागद. प्लेटचा दाबही नव्हता. ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, ‘पण सही तरी खरी असेल ना?’

असेलही. १९७४ साली फ्रान्सच्या कस्टमवाल्यांनी शेजारच्या अँडोरा या चिमुकल्या देशाच्या वाटेवर एक गाडी अडवली, तिच्यात दालीची सही असलेले चाळीस हजार कोरे कागद निघाले. चित्र नाही, नुसती सही. पुढे कोण त्यावर काय छापणार, याचा चित्रकाराला पत्ता नाही. दाली फार मोठा ताकदीचा चित्रकार होता, त्याच्या कामाबद्दल मला आदर आहे. पण कोऱ्या कागदावर सही करणं हा गुन्हा मी त्याला माफ करू शकत नाही. त्या गृहस्थांसारख्या किती जणांच्या घरात ते कागद पोचले असतील! मी त्यांना एवढंच सांगितलं की सही सगळ्यात शेवटी बघायची. आधी कागद, मग रेघ, मग दाब.

मिरोकडे परत येते. फ्रान्समध्ये जर्मन फौजा आल्यावर तो १९४० मध्ये हुकूमशहा फ्रँकोच्या स्पेनमध्ये परतला आणि गाजावाजा न करता काम करत राहिला. १९४४ मध्ये बार्सिलोनात त्याची पन्नास शिळाछापांची, म्हणजे दगडावरून छापायच्या पद्धतीच्या चित्रांची, मालिका छापली गेली, सगळी काळ्या-पांढऱ्यातली, अक्राळविक्राळ तोंडांची. जोआन प्रात्स या मित्राने ती प्रकाशित केली. प्रती किती? पाच, आणि दोन जास्तीच्या.

१९४७ मध्ये न्यूयॉर्कला तो स्टॅन्ली विल्यम हेटरच्या ‘आतेलिए १७’ या स्टुडिओत काम करत होता. हेटर नंतर पॅरिसला परतला, तिथे त्याच्या स्टुडिओत आंध्रातले कृष्णा रेड्डी आणि मुंबईत जन्मलेले कैको मोती होते. कमी-जास्त पातळ शाया वापरून एकाच प्लेटवरून एका दाबात अनेक रंग काढायची रीत त्यांनी मिळून बसवली. आम्हाला वर्गात ‘व्हिस्कॉसिटी’ म्हणून शिकवली ती हीच. सरांनी पहिल्यांदा रोलर फिरवून दाखवला तेव्हा निळा पिवळ्यावर चढलाच नाही, शेजारी जाऊन बसला. वर्गात कुणी बोललं नाही.

बारा प्रती झाल्या की मी प्लेटवर एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत सुईने खोल रेघ ओढते. मग तेरावी निघू शकत नाही. ‘सातबारा’वाली ती प्लेट माझ्या स्टुडिओत खिडकीपाशी टांगलेली आहे. चित्र तिच्यात उलटं दिसतं आणि मधून ती रेघ जाते. याल तेव्हा बोट फिरवून बघा.